टोटल स्टेशनच्या बॅटऱ्या
आज दिवसभर भांडुपला नाल्याच्या कडेने टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्व्हेच्या मशीनने, लेव्हल्स (जमिनीच्या उंचीची मापं) घेतल्या, आणि भर दुपारी शेजारच्या टीमचं मशीन बंद, स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी, स्क्रीनवर तीन दांड्या दिसतायत आणि मोजायला घेतलं की धाडकन खाली. वाईट वाटलं, पोरं उन्हात ताटकळत बसली.

या लिथियम आयन पॅकमध्ये बहुतेक वेळा दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात, 3.6 नाहीतर 3.7 व्होल्टचे, म्हणून वर 7.2 किंवा 7.4 छापलेलं असतं, पण त्यातला एक सेल कमजोर झाला की अख्खा पॅक गेलाच म्हणून समजा. एमएएचच्या, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याच्या, मोठ्या आकड्याला भुलू नका राव, आधी पॅकिंगची तारीख बघा, दुकानात पडून पडूनही बॅटरी म्हातारी होते.

पावसाळ्यात काम थांबलं की बरेच जण फुल चार्ज करून पेटीत टाकतात, तसं नको, निम्म्या चार्जवर मशीनमधून काढून ठेवा आणि मधूनमधून चेक करा. उन्हात तापलेली लगेच चार्जरला लावायची नाही, आधी गार होऊ दे. आपल्या खाऱ्या दमट हवेत कॉन्टॅक्टवर थर चढतो, तो कोरड्या कापडाने पुसत जा. आणि पॅक जरा जरी फुगलेला दिसला तर मशीनमध्ये घालूच नका, सरळ ई-कचऱ्यात द्या.