यादीत नसलेली खोकी

डिस्ट्रिक्ट लाइनच्या क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरलं की बहुतेक जण बागेकडे वळतात. मी दुसऱ्या बाजूला जाते, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे. वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. विद्यापीठ कुठलं, शिफारस कोणाची, असं मला कुणी विचारलं नाही. माझा पासपोर्ट भारतीय आहे, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. कोट, पर्स, पेन लॉकरमध्ये ठेवायचं आणि पारदर्शक पिशवीत पेन्सिल-वही घेऊन आत जायचं. पहिली फाइल हातात आली, पांढऱ्या सुती फितीने बांधलेली, तेव्हा खरंच भरून आलं. पुण्यात पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मी पाहिले आहेत.

पण ज्या फाइलींसाठी मी तिथे जाते, त्या अनेक दशकं कुठल्याच यादीत नव्हत्या.

वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तेव्हा, 1961 मध्ये, वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांच्या कार्यालयाने सूचना पाठवल्या: ब्रिटिश सरकारची अडचण होईल असे कागद नव्या सरकारच्या हाती पडू द्यायचे नाहीत. बरंच काही जाळलं गेलं. कागद जाळल्यावर राखही कुटून टाकायची, खोकी समुद्रात सोडायची तर वजन बांधून, किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात. उरलेलं गुपचूप इंग्लंडला आलं आणि पुढे बकिंगहॅमशायरमधल्या हॅन्स्लोप पार्क या सरकारी आवारात पडून राहिलं.

1958 च्या कायद्यानुसार सरकारी कागद आधी 50 वर्षांनी आणि 1967 च्या दुरुस्तीनंतर 30 वर्षांनी खुले व्हायचे (आता ती मुदत 20 वर्षांवर आणली आहे). या खोक्यांना मात्र तो कायदा लावलाच नाही. ‘गोपनीय’ असा शिक्का असलेली फाइल निदान मागता तरी येते, नकार मिळाला तर भांडता येतं. जी आहे हेच माहीत नाही, ती मागणार कशी?

2009 मध्ये केनियातल्या काही वृद्धांनी लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. 1950 च्या दशकात केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्ध झालेल्या माउ माउ उठावाच्या काळात छावण्यांमध्ये झालेल्या छळाचा तो दावा होता. कागद कुठेतरी असलेच पाहिजेत, असं इतिहासकारांनी साक्षीत ठामपणे सांगितलं, आणि 2011 मध्ये सरकारला कबूल करावं लागलं की हॅन्स्लोप पार्कमध्ये केनियाच्याच नव्हे, तर 37 वसाहतींच्या फाइली आहेत. 2013 मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत खेद व्यक्त केला. 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड झाली. त्या वृद्धांनी कोर्टाची पायरी चढली नसती, तर आज ‘एफसीओ 141’ (एफसीओ म्हणजे ब्रिटनचं परराष्ट्र खातं) या क्रमांकाखालच्या फाइली माझ्या टेबलावर आल्या नसत्या.

आपल्याकडे पेशवे दप्तरही इंग्रजांच्या कुलपात होतं. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड निघाले ते 1930 च्या दशकात, पेशवाई बुडून शंभरहून अधिक वर्षं झाल्यावर.

एफसीओ 141 ची यादी क्यूच्या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. लंडनला येणार असाल तर आधी फाइलींचे क्रमांक टिपून ठेवा. येताना ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा आणा. पेन्सिल मी देईन.