ओठांचा चंबू

हाँगकाँगमधलं दोनेक वर्षांचं मूल ताटलीतल्या माशाकडे बोट दाखवून खुशाल मावशीच्या हाकेतलं अक्षर म्हणू शकतं. चूक फक्त ओठांची. तिथल्या कॅन्टोनीज भाषेत माशाच्या शब्दातला स्वर मराठीत नाहीच. तो काढायला जीभ ‘ई’च्या जागी पुढे-वर ठेवायची आणि ती न हलवता ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करायचा. करून बघा. आपल्यासारख्या मोठ्यांची जीभ ओठांमागोमाग मागे सरकते आणि ‘यू’ निघतो. लहानग्याची जीभ कित्येकदा जागेवर असते, चंबूच राहून जातो. मग उरतो ‘यी’, आणि खालच्या सुरातला ‘यी’ म्हणजे मावशीच्या हाकेतलं पहिलं अक्षर. सूर मात्र बहुधा बरोबर असतो. शब्दाचा अर्थ बदलणारे कॅन्टोनीजचे सहा सूर मुलं व्यंजनांच्या कितीतरी आधी पकडतात.

‘आ’चं तसं नाही. तान्ह्याचं स्वरयंत्र वर आणि जीभ तोंडभर, त्यामुळे जबडा उघडला-मिटला की ‘मामा’, ‘बाबा’ आपसूक होतं. (तिथे ‘मामा’ म्हणजे आई, हे मराठी पाहुण्याने ध्यानात ठेवावं.)

खरी मेख ‘अ’ आणि ‘आ’त आहे. ‘साम’ म्हणजे तीन, त्याच सुरात ‘सम’ म्हणजे हृदय. ‘काय्’ म्हणजे रस्ता, ‘कय्’ म्हणजे कोंबडी. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो. पण तिथला आखूड ‘अ’ सहसा अक्षराच्या शेवटी उघडा राहत नाही. मागून ‘म’, ‘न’, ‘प’, ‘य’ असं काहीतरी यावंच लागतं. म्हणजे स्वर सुरू होताच तोंड मिटायच्या तयारीला लागायचं. मिटायला जरा उशीर झाला की हृदयाचे तीन झालेच.

मुलाचा आवाज यंत्रावर मोजताना मोठ्यांचे आकडे लावू नयेत. पुरुषाची ओठांपासून स्वरयंत्रापर्यंतची नळी सुमारे 17 सेंटिमीटर, तान्ह्याची जेमतेम निम्मी. साहजिकच मुलाचे सगळेच अनुनाद, म्हणजे नळीत घुमून ठळक होणाऱ्या कंप्रता, वर चढतात. त्याचा ‘ई’ त्याच्याच ‘ऊ’शी ताडून पाहावा.

सराव द्यायचा तर समोरासमोर बसावं, म्हणजे ओठ दिसतात. लांब ‘ई’ धरावी आणि आवाज न तोडता हळूहळू चंबू करावा. ‘पुस्तक’, ‘डुक्कर’ यांच्या कॅन्टोनीज शब्दांतही हाच स्वर आहे. त्याचा भाऊ म्हणजे मोकळ्या ‘ए’वर केलेला चंबू, बुटाच्या शब्दातला. हाँगकाँगच्या नावातलं पहिलं अक्षरही त्याच स्वराचं. ‘हाँग’ आपण म्हणतो.