डिस्क फुल!

आजचा रविवार भिगवणच्या फ्लेमिंगोंनी खाल्ला. तिकडे गेलो नाही, घरीच बसून गेल्या हिवाळ्यातले फोटो निवडत होतो. बर्स्टवर (सलग फोटो काढायच्या मोडवर) बोट दाबून ठेवलं की एकाच उड्डाणाच्या चाळीस फ्रेम सहज पडतात, आणि माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ (प्रक्रिया न केलेली, कच्ची) फाइल २५-३० एमबीची. म्हणजे एक उड्डाण, एक जीबी! गूगलची फुकटची १५ जीबी अशा चौदा-पंधरा उड्डाणांत खलास, आणि त्यातच जीमेलही बसवायचं.

डोळा फोकसमध्ये नाही, उडवा. पंख फ्रेमबाहेर, उडवा. पुढचं मात्र कठीण. बायको म्हणते, "सगळे सारखेच तर आहेत." (तिचं बरोबर आहे, पण तिला सांगू नका.)

उरलेल्यांना पीटर क्रोग या छायाचित्रकाराचा बॅकअपचा ३-२-१ नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. फोन आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवणाऱ्या नुसत्या सिंकवर विसंबू नका, फोनवरून उडवलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. सगळं रॉ अपलोड करायला आमचं नेट पुरणार नाही, म्हणून घराबाहेरची डिस्क सांगलीला भावाकडे. दिवाळीत अदलाबदल.

४ टीबीची डिस्क सध्या कुठे स्वस्त मिळतेय?