दोन पिझोमीटरसाठी तीन महिने

उघड्या खाणीच्या उताराचं डिझाइन मंजूर करून घ्यायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. ड्रिलिंग, कोअरच्या (ड्रिलनं काढलेल्या खडकाच्या गोल कांड्यांच्या) नोंदी, लॅबमधल्या चाचण्या हे सगळं वेळेत झालं. अडलं ते पाण्यापाशी.

माझ्या गणितात फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे उतार धरून ठेवणारी ताकद भागिले त्याला खाली ओढणारा जोर, 1.3 येत होता (1 च्या खाली गेला की उतार कोसळतो), पण खडक कोरडा आहे असं धरून. आत पाणी किती उंचीपर्यंत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून दोन बोअर मारून पिझोमीटर, म्हणजे खडकातल्या पाण्याची पातळी आणि दाब मोजणारी उपकरणं, बसवायची मागणी केली. अर्ज परत आला: ड्रिल मशीन उत्पादनाला लागतं. पुन्हा दिला, तर खर्च कुठल्या खात्यात टाकायचा म्हणून परत. तिसऱ्यांदा एका सहीसाठी नुसता पडून राहिला. दरवेळी मी तेच समजावत होते: सांध्यात, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक फटीत, भरलेलं पाणी वरच्या खडकाचा भार उचलून धरतं, तेवढं घर्षण कमी होतं, आणि उतार तर त्या घर्षणाच्या जोरावरच उभा असतो. माना डोलायच्या, सही व्हायची नाही. त्याच उताराखालून डंपर रात्रंदिवस ये-जा करत होते. अजूनही आठवलं की संताप होतो.

मग वरच्या बेंचवर (खाणीच्या उतारातल्या पायरीवर) एक बारीक भेग दिसली. तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि रोज सकाळी टेप लावून अंतर मोजायला लागले. पहिल्या आठवड्यात ते 4 मिलिमीटरनं वाढलं. पाऊस झाला आणि पुढच्या तीनच दिवसांत 11. तो आलेख घेऊन मीटिंगला गेले. सोबत बिंगहॅम कॅन्यनचं उदाहरण होतं. युटामधल्या त्या तांब्याच्या खाणीत 10 एप्रिल 2013 रोजी अख्खा कडा खाली आला, पण हालचालीवर आधीपासून नजर असल्यामुळे माणसं बाहेर काढलेली होती, एकही जीव गेला नाही. डंपरचा रस्ता त्याच दिवशी हलवला आणि सहीही झाली. तुम्ही पहिल्या अर्जालाच मोजमाप जोडा. खुंट्या आणि टेपला कोणाची मंजुरी लागत नाही.

पिझोमीटरचं पाणी धरून गणित केलं, तर आकडा 1.08 वर आला. खालच्या बेंचमधून निचऱ्यासाठी आडवी भोकं मारली. पहिल्या भोकातून गढूळ धार सुटली तेव्हा मी समोरच उभी होते, डोळ्यांत पाणी आलं. हळूहळू पातळी उतरली, भेग वाढायची थांबली.

हो, कोअरचं राहिलंच. पेटी आदळू देऊ नका. आरक्यूडी (खडक किती अखंड आहे याची टक्केवारी) काढताना 10 सेंमीपेक्षा लांब तुकडेच धरतात, त्यामुळे हाताळताना मोडलेली जागा सांधा म्हणून मोजली की चांगला खडकही कागदावर कमजोर ठरतो. मोडलेली बाजू ताजी आणि खडबडीत दिसते. खऱ्या सांध्यावर बहुधा गंजाचा डाग किंवा मातीचा थर असतो. बोट फिरवून बघा.