उजवं इंजिन लोड घेत नव्हतं

पॅनेलवर उजव्या इंजिनाचा काटा ३४५० आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवत होता आणि बोट साडेपंधरा नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वर जात नव्हती. टेंभुर्णी भागातल्या एका बागायतदारांनी मुंबईकडून उजनी धरणावर आणलेली ही जुनी फायबरची क्रूझर. अठ्ठावीस फुटी, वजन पाच टनांच्या आसपास, १३० अश्वशक्तीची दोन टर्बो डिझेल इंजिनं सरळ शाफ्टवर. कागदावर वेग २२ नॉट. सोलापुरात आमचं रोजचं काम ट्रक, जनरेटर आणि बोअरच्या गाड्यांचं. आमच्या आधी एकाने दोन्ही डिझेल पंप आणि नोझल लॅबला नेऊन कॅलिब्रेट करून आणले होते. दुसऱ्याने ‘इंजिनं दमलीत, दोन्ही उतरवा’ म्हणून लाखांचा अंदाज दिला होता. आरपीएम मात्र कोणीच मोजले नव्हते. आपल्या धंद्यातली ही सवय मला मनापासून खुपते. मोजायच्या आधी पाना हातात कशाला घ्यायचा?

दोन इंजिनांच्या बोटीत चांगलं इंजिन कमजोराला ओढून नेतं. सुकाणू जरा एका अंगाला धरून ठेवावं लागतं, बाकी सगळं ठीक वाटतं. म्हणून प्रत्येक इंजिन स्वतंत्र मोजायचं, आणि पॅनेलवर विसंबायचं नाही.

क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, लावला. पूर्ण थ्रॉटलला डावं ३३५०, उजवं २९००. दोन्हींचं रेटिंग, म्हणजे पूर्ण ताकदीला ठरलेले फेरे, ३६००. उजव्याचा काटा साडेपाचशेने खोटा का, हे अल्टरनेटर बघितल्यावर कळलं. पॅनेलवरचे टॅकोमीटर अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून चालतात. उजवीकडे कोणीतरी ट्रकचा अल्टरनेटर बसवला होता, लहान पुलीचा. पुली लहान, म्हणून अल्टरनेटर जोरात फिरतो आणि काटा वर जातो. खरा दोष या काट्याने किती काळ झाकून ठेवला कोण जाणे.

वेग जीपीएसवर, त्याच पट्ट्यात जाऊन-येऊन, दोन्हींची सरासरी. धरणात प्रवाह नसला तरी वारा असतोच. आणि हे सगळं सकाळीच, अंगात लाइफ जॅकेट घालून. मे २०२४ मध्ये याच धरणात कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यात उजनीवर दुपारनंतर चाचणी घेणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही.

मग हिशेब. आरपीएमला गिअरच्या गुणोत्तराने भागायचं, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) इंचातल्या पिचने, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा त्या अंतराने, गुणायचं आणि १२१५ ने भागायचं. स्लिप, म्हणजे पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा वेग, धरली नाही तर इतके नॉट मिळायला हवेत. डावीकडे ३३५० भागिले २, गुणिले १८, भागिले १२१५, म्हणजे २४.८. प्रत्यक्षात साडेपंधरा. स्लिप सदतीस टक्क्यांच्या पुढे. असली बोट नीट पाण्यावर उचलली गेली की स्लिप वीस-पंचवीस टक्क्यांत राहते. म्हणजे ही उचललीच जात नव्हती, नाक वर करून पाणी ढकलत होती.

ट्रेलरवर काढल्यावर तळाला हिरवं शेवाळ, आणि उजव्या शाफ्टवर पंख्याच्या पुढे तंगूसच्या जाळ्याचा घट्ट गुंडा. तो कापून काढला, तळ घासला. पंख्याच्या बॉसवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, व्यास आणि पिचचं माप ठोकलेलं असतं, ते घासून वाचलं. डावीकडे १८×१८, उजवीकडे १८×२०. व्यास तोच, पिच दोन इंच जास्त. पंखा बदलताना कोणी तेवढे आकडेही वाचले नाहीत. उजव्या फिरतीचा १८×१८ बसवला तेव्हा उजवं ३१५० वर आलं, पण त्याच्या एक्झॉस्टमधून येणारा काळा धूर तसाच राहिला.

या धुरानेच पुढची दिशा दिली. डिझेल कमी पडलं तर इंजिन दबतं, पण काळं ओकत नाही. तरी पारदर्शक नळी लावून हवेचे बुडबुडे बघितले, थ्रॉटलची केबल सोडून पंपाचा लिव्हर हाताने स्टॉपला टेकवून पाहिला. दोन्ही ठीक. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, किंवा इंजिनावर ओझं जास्त.

हवेची सोपी परीक्षा आहे. पूर्ण रेसवर इंजिनरूमचं झाकण उघडायचं. दोन्ही इंजिनं लगेच वर सरकली. बाजूच्या जाळ्यांच्या आतून चिलटांसाठी बारीक मच्छरजाळी लावलेली, धूळ आणि तेलकटपणाने तिचा पुठ्ठा झालेला. ती काढली. मग दोन्ही टर्बोंचा बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, मोजला. डावा ०.९ बार, उजवा ०.५. होजवर साबणाचं पाणी मारलं, गळती नव्हती. उरला एक्झॉस्ट.

उजव्या एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धुराच्या नळीचं वळण, सोडवला आणि सगळे त्या भोकाकडे बघत राहिले. ७५ मिलिमीटरच्या वाटेत अंगठा कसाबसा जाईल एवढीच जागा, बाकी कार्बन आणि गंजाचा दगड. तिथे गरम धुरात थंड पाणी मिसळतं, धुरातलं गंधक त्याचं आम्ल करतं, त्यात आधीची समुद्राची वर्षं. मागून दाब आला की टर्बोचं टर्बाइन नीट फिरत नाही, बूस्ट तयार होत नाही, आणि आत जाणारं डिझेल अर्धवट जळतं. पंप-नोझलवर घातलेले सगळे पैसे या एका एल्बोपुढे वाया गेले होते. नवा एमआयडीसीत ३१६ स्टेनलेसमध्ये करून घेतला, गंजाला कमी टिकणाऱ्या ३०४ मध्ये नाही. पाणी मिसळण्याची जागा टर्बोपेक्षा खाली आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवला, नाहीतर बंद इंजिनात पाणी उलटं शिरतं.

आता डावं ३५८०, उजवं ३५२०, वेग साडेवीस नॉट, स्लिप बावीस टक्के.

कागदावरच्या २२ मधले उरलेले दीड नॉट कुठे गेले, याचा विचार अजून सुटत नाही. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर, तिथे हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के विरळ. पंचवीस अंशांऐवजी चाळीस अंशांत आणखी तेवढीच. गोड्या पाण्यात पाच टनांच्या बोटीला सव्वाशे लिटर जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. वर मालकांनी जनरेटर, एसी आणि सागवानी फळ्या चढवल्यात. यातला कुणाचा वाटा किती, ते टाक्या रिकाम्या करून आणि थंडीत पुन्हा मोजल्याशिवाय सांगणार नाही.

‘मिस्त्री, मोठा पंखा टाकू की, दोन नॉट निघतील,’ असं मालक म्हणतात. निघणार नाहीत. पूर्ण भाराला इंजिन रेटिंगच्या थोडं वरच गेलं पाहिजे, म्हणून दोन्ही पंख्यांचं पिच उलट एकेक इंच कमी करायचं मी सांगितलंय. उजवं इतका काळ ओझ्याखाली आणि हवेविना चाललंय. त्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन किती भाजलेत, ते कॉम्प्रेशन मोजल्यावरच कळेल. गेज घेऊन पुन्हा जायचं ठरलंय.