एजवॉटरच्या मित्सुवातला होक्काइदो मेळा आणि भाताने भरलेलं माकूल

न्यू जर्सीत जपानी जेवायचं म्हटलं की आपली बहुतेक मंडळी सुशीच्या दुकानात जातात आणि तिथेच थांबतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. एजवॉटरला हडसन नदीच्या अगदी काठावर मित्सुवा नावाचं मोठं जपानी वाणसामानाचं दुकान आहे, आत फूड कोर्ट आहे, आणि वर्षातून काही वेळा तिथे जपानच्या एकेका भागाचे मेळे भरतात. यंदा होक्काइदोच्या, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटाच्या, मेळ्याला गेलो. सोबत मालवणहून आलेली आई, बायको आणि पुण्याचं एक शाकाहारी जोडपं होतं. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आम्ही गाडीने गेलो. मॅनहॅटनहून येणार असाल तर पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलवरून न्यू जर्सी ट्रान्झिटची 158 नंबरची बस रिव्हर रोडने येते. रविवारी यायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: एजवॉटर ज्या बर्गेन काउंटीत येतं तिथे रविवारी कपडे, फर्निचर, विजेची उपकरणं विकायला कायद्याने बंदी आहे. खाण्यापिण्याला ती नाही, पण त्याच फेरीत कपड्यांची खरेदी उरकू म्हणाल तर जमणार नाही. मेळ्याचे स्टॉल दुकानाच्या आत मोकळ्या जागेत मांडलेले असतात. आम्ही दुपारी एकला पोचलो, तोवर खेकड्याचे आणि सी-अर्चिनचे डबे संपलेले होते. समुद्रातलं काही खायचं असेल तर दुकान उघडतानाच हजर राहा.

माझ्यासाठी त्या दिवसाचा खरा पदार्थ ठरला इकामेशी. ‘इका’ म्हणजे माकूल (स्क्विड) आणि ‘मेशी’ म्हणजे भात. होक्काइदोच्या दक्षिणेला मोरी नावाचं छोटं रेल्वे स्टेशन आहे. 1941 साली, युद्धाच्या दिवसांत तांदूळ मिळेनासा झाला आणि माकूल मात्र भरपूर मिळत होतं, तेव्हा थोडक्या तांदळात पोट भरावं म्हणून तिथे हा पदार्थ निघाला आणि स्टेशनवर विकला जाऊ लागला. तळहातात मावेल एवढं माकूल, आत चिकट तांदूळ आणि साधा तांदूळ एकत्र करून भरलेला, तोंड काडीने टाचलेलं, आणि सगळं सोया सॉस-साखरेच्या रसात शिजवलेलं. स्टॉलवरची बाई मोठ्या पातेल्यातून चिमट्याने एकेक उचलून डब्यात ठेवत होती आणि वरून चमचाभर काळसर रस सोडत होती. आईने डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “अरे, ह्यां तर आपला माकूल!” मग तिने एक घास खाल्ला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आमच्याकडे भरलं माकूल म्हणजे खोबरं, कांदा, मसाला; तिखटजाळ. इथे तिखट नाव नाही, गोडसर चव आणि रस पिऊन फुगलेला भात. तिला तो भात फार आवडला. खाताना आधी ती काडी काढा, घाईत तोंडात गेली तर टोचते. आणि गरम असतानाच संपवा, गार झालं की माकूल वातड लागतं.

मग रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स. फूड कोर्टात सान्तोका नावाचं रामेनचं दुकान आहे. हे मूळचं होक्काइदोतल्या आसाहिकावा शहरातलं, 1988 मध्ये सुरू झालेलं. होक्काइदोतल्या तीन शहरांचे तीन रामेन ठरलेले आहेत: सापोरोचा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा), आसाहिकावाचा सोया सॉसचा, हाकोदातेचा मिठाचा. सान्तोका आसाहिकावाचं असूनही त्याचा नावाजलेला रामेन मिठाचा आहे, डुकराच्या हाडांच्या पांढऱ्या रश्शातला, वर एक छोटी आंबट उमे, म्हणजे खारवलेलं जपानी फळ. आसाहिकावाच्या रामेनवर चरबीचा तवंग असतो. 1902 च्या जानेवारीत त्या शहरात पारा उणे 41 अंशांवर गेला होता, आणि जपानमधला तो आजही नीचांक आहे. तिथे रस्सा गरम ठेवायचा तर वर झाकणासारखा तवंग हवाच. जवळ थोडी रोकड ठेवा, सगळीकडे कार्ड चालेल असं धरून चालू नका.

शाकाहारी मंडळींसाठी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या मित्रांची इथेच अडचण झाली. मांस नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं जपानी जेवणात होत नाही. बहुतेक रश्शांच्या बुडाशी ‘दाशी’ असते आणि ती बऱ्याचदा कात्सुओबुशीची, म्हणजे पाण्यात शिजवून, धुरी देऊन, लाकडासारख्या टणक वाळवलेल्या माशाच्या कापांची. मिसो सूप, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स), टोफूच्या गोड पिशवीतली इनारी सुशी, सगळ्यांत ती असू शकते. “मासा आहे का?” असं विचारलं तर सरळ “नाही” येतं, कारण मासा दिसत नसतो. “दाशी कशाची?” असं विचारा. कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची असेल तर चालेल. हे कोम्बू होक्काइदोचंच. जुन्या काळी व्यापारी जहाजांतून ते ओसाकाला जाई, म्हणून त्या भागातल्या रश्शाला आजही कोम्बूची चव जास्त असते. आमच्या मित्रांनी शेवटी काकडीची सुशी आणि दाइफुकू घेतले. दाइफुकू म्हणजे चिकट तांदळाच्या मऊ पारीत लाल अझुकी कडधान्याचं गोड पुरण. वहिनींनी पहिला घास घेतला आणि पुरणपोळीची आठवण काढली. होक्काइदोच्या दुधाचं सॉफ्ट आइस्क्रीमही घ्याच. जपानचं निम्म्याहून जास्त दूध तिथून येतं आणि चवीत ते कळतं.

तिघं-चौघं मिळून जा आणि एकेकच डबा घेऊन वाटून खा, म्हणजे बरंच चाखता येतं. स्टॉलवरच्या माणसाला पदार्थ कुठल्या गावचा ते विचारा. मला प्रत्येकाने आनंदाने सांगितलं. खाऊन झालं की ट्रे आपला आपणच परत ठेवायचा. मग चहा घेऊन नदीकाठी जा, समोर मॅनहॅटन दिसतं.

घरी येताना आईने चिकट तांदळाची पिशवी, ‘मोचीगोमे’, घ्यायला लावली. पुढच्या शनिवारी तिने एडिसन गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात इकामेशी केलं. तुम्हीही करणार असाल तर तांदूळ दोन तास भिजवा आणि माकूल निम्मंच भरा. शिजताना भात फुगतो, माकूल आकसतं. आमची पहिली दोन पातेल्यातच फुटली. उरलेल्यांना तिने अर्धा चमचा मालवणी मसाला लावला.