गरम काकवी भरायला पाईप कुठला घ्यायचा – माझा अनुभव

काकवी बाटलीत गरम भरायची तर टाकीपासून बाटलीपर्यंत पाईप कुठला लावायचा, ह्या एका गोष्टीनं ह्या सीझनला माझं बरंच डोकं खाल्लं. आता सगळं नीट बसलंय, काम सुरळीत चाललंय, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांना काकवी, आवळा सरबत, कोकम सिरप, आल्याचा पाक असलं काही घरून गरम भरून विकायचंय त्यांना उपयोग होईल.

आमचं कसंय, माहेर कागलच्या बाजूला, तिथं दादाचं गुऱ्हाळ. गुळासाठी रस ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत आटवतात, काकवी त्याच्या बरीच आधी, १०५ च्या दरम्यान काहिलीतून काढून घेतात. दादा ती गाळून स्टीलच्या कॅनमधून कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या घरी पाठवतो आणि भरायचं काम मी आणि माझी जाऊबाई करतो, कारण गुऱ्हाळावर चिपाडाचा भुस्सा, चुलवणाची राख सगळीकडं उडत असते, तिथं बाटल्या उघड्या ठेवायच्या म्हणजे अवघडच. घरी स्टीलची टाकी आहे, खाली अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह, टाकी गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात बसवलेली म्हणजे बुडाला करपत नाही, आणि सगळं उंच स्टँडवर. पंप नाही, आपोआप खाली येईल तेवढंच.

गरमच का भरायची असं बरेच जण विचारतात. एक तर गार काकवी धड वाहतच नाही, आणि दुसरं म्हणजे ८०-८५ अंशांना भरून झाकण लावलं आणि बाटली थोडा वेळ आडवी केली की झाकणाची आतली बाजूसुद्धा त्याच उष्णतेनं निर्जंतुक होते. काकवीत साखर भरपूर असली तरी वरच्या मोकळ्या जागेत वाफेचं पाणी साचलं की तिथनं बुरशी धरते, आंबायला सुरुवात होते. म्हणजे पाईपला ८५ अंश सतत सोसायला पाहिजे, आणि एखाद्या वेळी टाकी जास्त तापली तर त्याच्या वरचंही.

तर पहिली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुकानात गेलं की आपण म्हणतो "गरम सोसणारा पाईप द्या", किंवा म्हणतो "फूड ग्रेड द्या", म्हणजे खाण्याच्या पदार्थाला चालणारा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीचं उत्तर हो आलं तरच पाईप आपल्या कामाचा. एकाचं हो आणि दुसऱ्याचं नाही असे पाईप बाजारात ढिगानं पडलेत.

लक्ष्मीपुरीत सुरुवात केली. तिथं सगळ्यांनी पहिल्यांदा काढून दिला तो पारदर्शक पीव्हीसीचा पाईप, काचेसारखा स्वच्छ, स्वस्त, दुकानदार म्हणाले "ताई, दूधवाले, ज्यूसवाले सगळे हाच नेत्यात, फूड ग्रेडच हाय". आणि ते खोटं बोलत नव्हते, गार दुधाला, पाण्याला फूड ग्रेडचा पीव्हीसी चालतोच. पण हा पाईप लवचिक व्हावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं आणि उष्णता वाढली की ते जास्त सुटायला लागतं, शिवाय ६० अंशांच्या वर पाईप मऊ पडायला लागतो. मी वीतभर तुकडा आणला, घरी स्टीलच्या भांड्यात पाणी उकळून त्यात टाकला (आपल्याकडं कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यानं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी चाचणीला तेवढं पुष्कळ झालं). थोड्या वेळानं बाहेर काढला तर काचेसारखा होता तो दुधी पडलेला, शेवयासारखा लुळा, आणि पाण्याला नव्या रेनकोटाचा येतो तसला वास. जाऊबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या "हे पोरांच्या पोटात जाणार असलं तर मी बाटलीला हात लावणार नाही". विषय संपला.

मग उद्यमनगर. तिथं काय मिळत नाही ते विचारा! एका दुकानात निळ्या रंगाचा सिलिकॉनचा होज दाखवला, आत कापडाचे थर, दाबून बघितला तर दगड. "मॅडम, इंजिनाच्या गरम पाण्याला लावत्यात, तुमच्या काकवीचं काय घेऊन बसलाय". उष्णतेच्या बाबतीत बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. पण तो रेडिएटरसाठी, कूलंटसाठी बनवलेला, आतल्या रबरात रंग, फिलर काय घातलंय ते खाण्याच्या हिशोबानं कुणी बघितलेलंच नसतं. मी विचारलं "ह्यातनं तुम्ही चहा प्याल का?" तर ते मनापासून हसले आणि स्वतःच म्हणाले "नको, तुम्ही फूड ग्रेडच शोधा, घाई करू नका". चांगला माणूस. तिथंच गॅसचा होज पण कुणीतरी सुचवला, तो सुद्धा गॅससाठीच असतो, खाण्याच्या पदार्थाला अजिबात नको. स्टीलचा वळ्यावळ्यांचा लवचिक पाईप उष्णतेला उत्तम पण प्रत्येक वळीत काकवी अडकणार आणि ती निघाली की नाही ते दिसणार नाही, म्हणून तो पण बाद. टेफ्लॉनची नळी २६० अंशांपर्यंत चालते, खाण्याला चालते, पण कडक असते, वाकवली की मोडते, मोडली की तिथं कायमची घडी.

ह्या सगळ्यात मला खरी दिशा मिळाली ती परदेशात घरी बिअर बनवणाऱ्या लोकांच्या सेटअपवरून. (आपल्याकडं दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना ते करता येत नाही, माझा त्याच्याशी संबंध नाही, पण त्यांची अडचण आणि माझी अडचण एकच आहे.) माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड रस उकळता उकळता एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न्यायचा, बरेच जण भांडी उंचसखल ठेवून पंपाशिवाय नेतात, आणि रस पोटात जाणार असल्यानं पाईपची चव उतरलेली चालत नाही. ते लोक गरम बाजूला सरसकट फूड ग्रेड सिलिकॉन वापरतात, आतून अर्धा इंच. गार बाजूला मात्र जपून, कारण सिलिकॉनमधून ऑक्सिजन आत झिरपतो आणि बिअर बराच काळ पाईपमध्ये राहिली तर खराब होते. आपल्या काकवीला तो प्रश्न येत नाही, ती पाईपमध्ये काही सेकंदच असते.

सिलिकॉन ठरलं तरी पुढं अजून एक वळण आहे. चांगलं सिलिकॉन उणे ५० पासून २०० अंशांपर्यंत आरामात चालतं, त्यामुळं उष्णतेचा प्रश्न तिथंच मिटतो, पण ते पक्कं करायच्या दोन पद्धती आहेत, एक पेरॉक्साइडची आणि एक प्लॅटिनमची. पेरॉक्साइडवाल्यात प्रक्रियेतले काही अवशेष मागं राहतात, ते भट्टीत बराच वेळ तापवून उडवून लावायचे असतात, आणि स्वस्त मालात हे काम अर्धवट सोडलं असेल तर पाईपला आंबूस वास येतो, पुढं पिवळा पण पडतो. प्लॅटिनमवाल्यात ती भानगड नाही, दिसायला जास्त स्वच्छ, किंमत अर्थातच जास्त. मी प्लॅटिनमच घेतला. एका दुकानात विचारलं की टेस्ट सर्टिफिकेट दाखवता का, तर "सगळं फूड ग्रेडच असतंय" एवढंच उत्तर, तिथनं मी सरळ बाहेर पडले. दुसऱ्या एका सप्लायरनं कंपनीचा कागद मोबाईलवर पाठवला, त्यावर अमेरिकेच्या एफडीएचा २१ सीएफआर १७७.२६०० हा नंबर होता. खाण्याच्या पदार्थाला पुन्हा पुन्हा लागणाऱ्या रबराच्या वस्तूंसाठी हा नियम आहे, आणि बॅच नंबर पाईपवरच्या छपाईशी जुळत होता. एवढं बघूनच पैसे दिले.

सिलिकॉन म्हणून पीव्हीसी गळ्यात मारतील अशी शंका असेल तर छोटा तुकडा मोकळ्या हवेत, पकडीत धरून जाळून बघा. सिलिकॉन जळलं की मागं पांढरी राख राहते. पीव्हीसीचा काळा धूर निघतो, नाकाला झोंबतो, आणि ज्योत काढली की विझतो. तो धूर विषारी आहे, घरात करू नका. आणि उकळत्या पाण्याची चाचणी सगळ्यांनी करावीच, तुकडा उकळायचा, पाणी गार करायचं आणि चव बघायची. माझ्या पाईपच्या पाण्याला काही म्हणजे काही चव नव्हती.

आता साईज, आणि इथं थोडं सविस्तर सांगते कारण ह्याच्यावर रोजचं काम अवलंबून आहे. पातळ पाण्याला ८ मिलीमीटरचा पाईप चालून जातो. घट्ट पदार्थाचं गणित वेगळं असतं, धार व्यासाच्या चौथ्या घातानं बदलते. म्हणजे तेवढीच लांबी आणि तेवढीच उंची धरली तर ८ च्या जागी १२ मिलीमीटर, म्हणजे दीडपट व्यास, आणि धार पाचपट! म्हणून मी आतून १२, बाहेरून १८ घेतला. म्हणजे भिंत ३ मिलीमीटरची, गरम झाल्यावरसुद्धा वळणावर चपटत नाही. पातळ भिंतीचा सिलिकॉन स्वस्त मिळतो पण गरम काकवीच्या वजनानं वाकतो आणि वाकला तिथं धार बंद. पंप लावणार असाल तर ओढण्याच्या बाजूला साधा सिलिकॉन आत ओढला जाऊन चिकटतो, तिथं जाळीवाला घ्या.

लांबी मात्र जेवढी कमी तेवढी बरी. १२ मिलीमीटरच्या एक मीटर पाईपमध्ये ११३ मिली काकवी मावते. व्हॉल्व्ह बंद केला तरी तेवढी पाईपात असतेच, ती गळत राहते नाहीतर गार होऊन बसते. दुकानदार "दोन-तीन मीटर घेऊन ठेवा" म्हणतो, पण टाकी आणि टेबलाची उंची मोजून त्याच्यापेक्षा वीतभर जास्त, एवढाच तुकडा लावायचा. उरलेला पुढच्या वेळी लागतो, तो भाग वेगळा.

जोडणीसाठी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडून एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चं नोझल, म्हणजे व्हॉल्व्हला लावून ज्यावर पाईप चढवायचा ते तोंड, करून घेतलं. पितळेचं तयार मिळतं, पण काकवी थोडी आंबट बाजूची, त्यात तिच्यात साखरेचे खडे धरू नयेत म्हणून आम्ही सायट्रिक ॲसिड घालतो, आणि गरम आंबट पदार्थाला तांबं-पितळ नको. मामांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली की नोझलची कड अजिबात धारदार ठेवू नका. सिलिकॉन उष्णतेला वाघ आहे पण एकदा बारीक चीर पडली की पुढं फाटतच जातं. त्यांनी कड पॉलिश करून अंगठा फिरवून दाखवला, "बगा, बोट कापतंय का". पाईपचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं की नोझलवर चढतं, तेल लावायचं नाही. वरनं स्टीलची क्लिप हवीच, कारण गरम झाल्यावर पकड सैल पडते, आणि क्लिप सुद्धा इतकी आवळायची नाही की पट्टी सिलिकॉनमध्ये रुतेल.

क्लिपबद्दल एवढं लिहितेय त्याला कारण आहे. गरम पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, गरम काकवी चिकटून बसते आणि भाजतच राहते. पाईप निसटला तर ८५ अंशांची काकवी पायावर. त्यामुळं आमचा नियम असा की भरताना दोघींच्या हातात लांब ग्लोव्हज, पायात बंद चप्पल, पोरं स्वयंपाकघराबाहेर, आणि गार पाण्याची बादली शेजारी. सिलिकॉन पाईप बाहेरूनही चांगलाच तापतो, उघड्या हातानं धरता येत नाही. सुरुवातीला व्हॉल्व्ह थोडाच उघडायचा, जोडावर ओल दिसत नाही ना बघायचं, मगच पूर्ण.

धुण्याचं काम भरणं संपल्या संपल्या, चहा नंतर. टाकीतच गरम पाणी ओतून त्याच पाईपमधून सोडायचं, साखर विरघळून जाते, मग दोरीला स्वच्छ सुती कापड बांधून आतून ओढायचं आणि पाईप सरळ टांगून वाळवायचा, गुंडाळून ठेवला की मधे पाणी साचतं. पारदर्शक असल्याचा इथं फायदा, उजेडाकडं धरलं की आत तांबूस रेघ राहिलीय का लगेच दिसतं. नीट धुतला नाही तर मुंग्याच सांगायला येतात. आणि सिलिकॉन वास धरून ठेवतं, त्यामुळं आलं घातलेल्या काकवीला आम्ही वेगळा तुकडा ठेवलाय, टोकाला लाल दोरा बांधून. साध्या काकवीत आल्याचा वास उतरला तर गिऱ्हाईक लगेच ओळखतं, कोल्हापूरचं गिऱ्हाईक गुळाच्या बाबतीत ऐकून घेत नाही.

दुकानात जाताना नोझल सोबत न्या आणि बाहेरचा नाही, आतला व्यास मोजून घ्या, बरेच दुकानदार नुसतं "अर्धा इंची" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बाहेरचं माप असतं. कुणाला कंपनीचा कागद कसा दिसतो ते बघायचं असेल तर विचारा, मी फोटो काढून ठेवलाय.